पहिला मोसम : नवधावकांविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

धावण्यास आरंभ करणारे आणि धावत राहणारे यांच्या संख्येत फार मोठी तफावत असते, आणि ही तफावत कोठे, कशी व का पडते याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत संग्रह सिद्ध झाला आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर, शाळेच्या पटांगणावर किंवा नगरपालिकेच्या बागेतील फरसबंद वाटेवर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे जी नवी मंडळी दृष्टीस पडतात, त्यांतील किती होळीपर्यंत टिकतात आणि किती आषाढाच्या पावसात उरतात, हे त्या वाटेवर नित्य फिरावयास येणाऱ्या कोणत्याही पेन्शनरास विचारावे. तो चोख हिशेब देईल. या गळतीचे खापर सामान्यतः आळसावर फोडले जाते. परंतु आळशी मनुष्य पहाटे पाचाला उठून, बुटांच्या नाड्या आवळून, गल्लीतील कुत्र्यांचे भुंकणे सोसून रस्त्यावर येतच नाही. जो आला, काही आठवडे नेमाने आला आणि मग येईनासा झाला, त्याच्याबाबत आळसाचे निदान करणे हा चौकशीवाचून दिलेला निकाल होय.

धावणे ही मानवाची अतिप्राचीन क्रिया असली, तरी वयाची तिशी-चाळिशी उलटल्यावर, कोणी पाठीस लागलेले नसताना, केवळ आरोग्यासाठी किंवा समाधानासाठी धावू लागणारा गृहस्थ इतिहासात फार उशिरा अवतरला. आपल्याकडे धावणे हे पोटापाण्याचे काम होते. पेशवाईत जासूद आणि हरकारे खलिते घेऊन मजला मारीत. पुढे इंग्रजी अमलात टपालाची थैली खांद्यावर टाकून धावणारे डाकवाले घाटवाटा तुडवीत. त्यांच्यापैकी कोणी हौसेखातर धावला असेल असे मानण्यास जागा नाही. शरीरसाधनेची थोर परंपरा आपल्याला होती, पण ती तालमीची : जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती, आणि विसाव्या शतकात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी निष्ठेने प्रसारिलेले सूर्यनमस्कार. या परंपरेत शिकाऊ पोराच्या अंगी उत्साह आहे की नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नसे. वस्ताद होता, हजेरी होती, आखाड्याची माती ठरल्या वेळी खणली जात असे, आणि जो आला नाही त्याच्या घरी निरोप जात असे. उत्साहाचा सगळा बंदोबस्त मनाच्या बाहेर केलेला होता. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण या प्रस्तावनेचे प्रतिपाद्य तिच्याच आसपास आहे.

लांब पल्ल्याच्या शर्यतींशी महाराष्ट्राचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचा दम पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी जो लहानसा हिंदी संघ गेला त्यातील बेळगावकडचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. आपल्या काळात माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ येथे ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, आणि बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. या नामावळीचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु दिवसभर कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या, शाळा सुटल्यापासून एस.टी. पकडण्यापलीकडे कधी न धावलेल्या इसमास तिचा उपयोग किती? नाउमेद व्हावयास मात्र ती पुरेशी आहे.

पाश्चात्त्य देशांतील धावण्याचे शास्त्रही प्रारंभी अजिंक्यवीरांभोवतीच फिरत होते. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी रानावनातून मनास येईल तसा वेग कमी-अधिक करीत धावण्याची ‘फार्टलेक’ पद्धती रूढ केली. जर्मनीत वॉल्डेमार गेर्शलर यांनी हृदयाचे ठोके मोजून, ठरावीक अंतराच्या तुकड्यांत जलद धावण्याचा व मध्ये विसावा घेण्याचा काटेकोर शिरस्ता घातला. आणि चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी तसल्याच तुकड्यांची संख्या अतर्क्य वाढवून १९५२ साली हेलसिंकी येथे ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. हे सारे ज्ञान मोलाचे खरे, पण ते ज्यांना दम लागण्याचे भय उरलेले नाही त्यांच्यासाठी निर्माण झाले होते.

नवधावकाचा खरा शोध लागला तो न्यूझीलंडमध्ये, आणि तो लावणारा मनुष्य बुटांच्या कारखान्यात काम करणारा होता. आर्थर लिडियार्ड रग्बी खेळत असत आणि आपण धडधाकट आहोत अशी त्यांची समजूत होती. एका स्नेह्याबरोबर पाच मैल धावताना ती पार उतरली, आणि मग पुढची कैक वर्षे त्यांनी स्वतःच्याच देहावर प्रयोग करून मनुष्याने किती धावावे आणि किती सावकाश धावावे याचा छडा लावला. त्यांचे शिष्य पीटर स्नेल व मरे हालबर्ग यांनी १९६० साली रोम येथे एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविल्यावर जगाने त्यांना अजिंक्यवीरांचे गुरू म्हणून मानले. माझ्या मते त्यांचे अधिक मोठे कार्य त्यानंतरचे आहे. ऑकलंडमधील पोट सुटलेले, वय झालेले, काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले गृहस्थ गोळा करून त्यांनी त्यांना शर्यतीवाचून, बोलता बोलता जाता येईल इतक्या मंद गतीने धावावयास लावले. १९६२ साली अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेला व हृदयविकार सोसलेला एक वृद्ध टेकडीच्या वाटेवर आपल्यापेक्षा सहज धावतो आहे, हे पाहून पन्नाशीतील हे नामवंत गुरू वरमले. मायदेशी परतल्यावर त्यांनी यूजीन शहरातील सामान्य नागरिकांसाठी वर्ग काढले आणि डॉ. डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने १९६७ साली ‘जॉगिंग’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले.

पुढच्याच वर्षी केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले आणि श्वासोच्छ्वास वाढविणाऱ्या व्यायामास वैद्यकाची सनद मिळाली. १९७७ साली जेम्स फिक्स यांच्या ग्रंथाने अमेरिकेत लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले. त्याच फिक्स यांना १९८४ साली धावतानाच हृदयविकाराने मृत्यू आला, तेव्हा धावण्याच्या निंदकांना आयते कोलीत मिळाले, पण त्यांच्या वडिलांनाही तोच विकार अकाली जडला होता, हा तपशील मात्र फारसा कोणी सांगत बसले नाही. स्त्रियांची कथा निराळीच आहे. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर यांना एका पदाधिकाऱ्याने भर रस्त्यात ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. लांब व सावकाश धावणे स्त्रियांना उत्तम मानवते असे जर्मनीचे डॉ. अर्न्स्ट व्हान आकेन आग्रहाने सांगत असतानाही ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू होण्यास १९८४ साल उजाडावे लागले. म्हणजे नवधावकांच्या निम्म्या संख्येस या क्षेत्राचे दार रीतसर उघडून अर्धशतकही झालेले नाही.

यानंतरच्या काळात नवधावकांसाठी जे दोन-तीन उपाय निघाले, ते सर्व व्यवस्थेचे उपाय आहेत, उपदेशाचे नव्हेत. जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे आळीपाळीने योजून चालण्याला पराभवाच्या कलंकातून सोडविले. १९९६ साली जोश क्लार्क या तरुणाने आपल्या पन्नाशीतील आईला डोळ्यांपुढे ठेवून नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला : आठवड्यातून तीनच दिवस, आणि आरंभी एक मिनिट धावले की दीड मिनिट चालावयाचे. आज ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने जगभर चालणारा क्रम तो हाच. आणि २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावकांना घेऊन पॉल सिंटन-ह्यूइट यांनी शनिवारची पाच किलोमीटरची विनामूल्य धाव सुरू केली, जी पुढे ‘पार्करन’ म्हणून अनेक देशांत पसरली. तिच्यातील एक शिरस्ता मला फार आवडतो : एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालत येतो, आणि त्यामुळे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच लागतो. नवागताच्या मनातील सर्वांत मोठी भीती, म्हणजे शेवटचे येण्याची भीती, कोणतेही भाषण न करता येथे काढून टाकली आहे. आपल्याकडील वारीत याहून जुना दाखला आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या साठीच्या बायका, ज्या रिंगणात डोक्यावर तुळस घेऊन धावतातही, घरी असताना व्यायामाचे नाव काढीत नाहीत. पण दिंडी ठरलेली, विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले आणि बरोबरच्या बाया ठरलेल्या असल्या की पाय आपोआप उचलतात. श्रद्धेचा वाटा यात आहे आणि तो मोठा आहे. तरी दिंडीच्या व्यवस्थेचा वाटा लहान नाही.

मनाच्या बाजूने विचार करणाऱ्यांत दोन तट पडलेले दिसतात. १८९० साली विल्यम जेम्स यांनी आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथातील सवयीवरच्या प्रकरणात, नवी सवय पुरती मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा कडक दंडक घातला. आणि पुढील पिढ्यांनी तो इतका मनावर घेतला की एक दिवस चुकला की सारे मुसळ केरात, अशी नवशिक्यांची धारणा होऊन बसली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या दंडकाची धार बरीच बोथट केली. त्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे रोज एक नवी कृती करावयास सांगितली. ती आपोआप घडू लागण्यास कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला; मधला आकडा ६६ होता, आणि खाण्यापिण्याच्या साध्या सवयींहून व्यायामाची सवय जडावयास अधिक काळ लागला. एकवीस दिवसांत सवय लावून देण्याची हमी देणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. परंतु त्या अभ्यासातील नवधावकास सर्वांत उपयोगी निष्कर्ष वेगळाच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीस म्हणण्यासारखी बाधा पोहोचली नाही. मंगळवारी न गेल्यामुळे कोणी धावणे सोडत नाही. मंगळवारी न गेलो म्हणजे आपण या कामाचेच नव्हे, असे बुधवारी ठरविल्यामुळे सोडतो.

दुसरा विचार बक्षिसांसंबंधीचा. १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी कोडी सोडविणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पैसे दिले आणि काहींना दिले नाहीत. पैसे मिळणे थांबल्यावर पहिल्या गटाचा कोड्यांतील रस मावळला. या धाग्यावरून डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जो सिद्धान्त मांडला त्याचा सारांश असा की, मनुष्य एखाद्या गोष्टीत टिकतो तो ती आपल्या इच्छेने करीत आहोत, ती आपल्याला थोडीथोडी जमते आहे आणि तीत आपल्याला माणसे लाभली आहेत, या तीन जाणिवांमुळे. नवधावकास पहिल्या आठवड्यांत यांपैकी मधली जाणीवच सहसा लाभत नाही, आणि त्याचे कारण मानसिक नसून शारीरिक आहे.

हे कारण येथे विस्ताराने सांगितले पाहिजे. नवागत जवळजवळ नेहमीच आवश्यकतेपेक्षा वेगाने धावतो. पाचशे पावलांत दम उखडतो, छाती भात्यासारखी चालते, आणि धावणे म्हणजे हीच यातना असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता येईल एवढ्याच गतीने तो गेला असता तर त्याला कितीतरी अधिक अंतर समाधानाने काटता आले असते. त्यातूनही जो टिकतो त्याच्यासाठी दुसरा सापळा मांडलेला आहे. हृदय, फुफ्फुसे आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच नव्या श्रमाशी जुळवून घेतात. स्नायूंना अस्थींशी बांधणारे कंडरे आणि खुद्द अस्थी यांना मात्र त्याहून पुष्कळ अधिक मुदत लागते. तेव्हा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आता दम लागत नाही म्हणून तो हुरूपाने अंतर वाढवितो, आणि त्याच सुमारास नडगी ठणकू लागते. ज्या दिवशी उत्साह सर्वांत अधिक, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सक्तीचा विश्रांतिकाळ सुरू होतो, आणि पुष्कळांचा पहिला मोसम तेथेच आटोपतो. उत्साह कमी पडल्याने जितके लोक गळतात, तितकेच तो अनावर झाल्यानेही गळत असावेत, असे माझे निरीक्षण आहे.

शरीरानंतर समाज. आपल्या मध्यम आकाराच्या गावांत प्रौढ मनुष्याने रस्त्यावर धावणे ही अजूनही टीकाटिप्पणीची बाब आहे. बारा-पंधरा वर्षांच्या पोराने धावले तर तो खेळाडू, विशीतल्या तरुणाने धावले तर तो पोलीस भरतीचा उमेदवार, कारण भरतीची १६०० मीटरची धाव सर्वांना ठाऊक असते, परंतु चाळिशीचा गृहस्थ धावू लागला की “काय भाऊसाहेब, गाडी चुकली वाटतं?” हा प्रश्न दुधाच्या केंद्रावरून हमखास येतो. स्त्रियांना तर प्रश्नही कोणी विचारीत नाही, नुसते पाहत राहतात, आणि ते अधिक जाचक असते. ओढणी घट्ट खोचून, अंधार सरण्यापूर्वी एक फेरी उरकणारी, आणि समोरून दुचाकी येताना दिसली की धावणे थांबवून चालू लागणारी बाई मी पुष्कळदा पाहिली आहे. तिला इच्छाशक्तीवर व्याख्यान देणे हा शुद्ध अप्रस्तुतपणा ठरेल. तिला दोन मैत्रिणी आणि दिवे लागलेले मैदान हवे आहे. या संग्रहात या विषयास बरीच जागा दिली आहे, आणि ती वाचकास अधिक वाटल्यास संपादकांचा नाइलाज आहे.

आजच हा विषय हाती घेण्याचे कारण उघड आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून चालू आहे. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन धावली जाते. आता तालुक्याच्या गावीही पदक, टी-शर्ट आणि नाश्ता यांसह शर्यती भरू लागल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सुचविला आहे, आणि बैठ्या धंद्यांच्या या युगात तेवढाही पुष्कळांच्या वाट्याला येत नाही. तेव्हा शर्यतींचे स्वागत केलेच पाहिजे. तथापि पायाला नीट चालण्याचीही सवय नसलेल्या माणसाने मित्रांच्या आग्रहाखातर तीन महिन्यांत २१ किलोमीटरसाठी नाव नोंदवावे, मनगटावर महागडे घड्याळ चढवावे, आणि त्या घड्याळाच्या तगाद्याखाली पहाटेची झोप मोडावी, हा जो प्रघात पडला आहे, तो मला सर्वथा घातक वाटतो. शर्यत संपते, पदक भिंतीवर लागते, आणि सोमवारपासून धावण्यास कारणच उरत नाही. डेसींच्या विद्यार्थ्यांचे झाले तेच.

प्रस्तुत संग्रहाचा पक्ष यावरून ध्यानात येईल. उत्साह हे धावण्याचे भांडवल नसून त्यातून पुढेमागे हाती येणारे उत्पन्न आहे, आणि ते येईपर्यंतची मुदत कशी निभवावी एवढाच या लेखकांचा प्रश्न आहे. लेखकांत वैद्य आहेत, शिक्षिका आहेत, भरतीची तयारी करून घेणारा एक माजी सैनिक आहे. अजिंक्यवीर मात्र एकही नाही, आणि हे हेतुपुरस्सर केलेले आहे. लेखांत मतभेद आहेत, ते मिटविण्याची खटपट केलेली नाही : एक लेखक समूहाशिवाय धावणे टिकत नाही असे प्रतिज्ञेवर सांगतो, तर दुसऱ्यास एकांत हाच त्यातील एकमेव लाभ वाटतो.

मला विशेष भावली ती एका निवृत्त लेखापालाची रोजकीर्द. आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासलेल्या या गृहस्थांनी धावण्याचाही हिशेब त्याच शिस्तीने ठेवला. “मंगळवार. पाऊस. गेलो नाही. बुधवार. पाऊस. गेलो. छत्री घेतली, त्यामुळे हसे झाले. गुरुवार. नडगी दुखते. चाललो.” अशा नोंदी पानांमागून पाने आहेत. त्यांत किती अंतर काटले याचा रकाना नाही. न जाण्याचे कारण लिहिण्यास मात्र स्वतंत्र रकाना आखलेला आहे. तीन महिन्यांनी त्यांनी त्या रकान्याची बेरीज मांडली, तेव्हा कंटाळा ही बाब जवळजवळ कोठेच आढळली नाही. बहुतेक खाडे आदल्या रात्रीच्या उशिराच्या जेवणाच्या नावे निघाले. मग त्यांनी जेवणाची वेळ बदलली. मनोबलावर लिहिलेल्या कित्येक जाड ग्रंथांपेक्षा ही दोन पाने मला अधिक उपयुक्त वाटतात.

हे पुस्तक काय करीत नाही, तेही सांगितले पाहिजे. वजन किती उतरेल याचे आश्वासन यात नाही. बूट कोणत्या कंपनीचे घ्यावेत याचा सल्ला नाही. आणि धावण्याने चित्तास जी धुंदी येते असे म्हणतात, तिचे वर्णन संपादकांनी जाणूनबुजून गाळले आहे, कारण पहिल्या मोसमात ती सहसा येत नाही आणि तिची वाट पाहणारा मनुष्य लवकर निराश होतो.

ज्यांना छातीत दुखण्याची, धाप लागण्याची किंवा मधुमेहाची तक्रार आहे, अथवा ज्यांच्या घराण्यात हृदयविकार अकाली आलेला आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून आरंभ करू नये. इतरांनी पहिला विभाग वाचून पुस्तक मिटावे आणि आठवड्यातले तीन दिवस ठरवावेत; शर्यतींविषयीचा अखेरचा विभाग मात्र निदान एक पावसाळा पार पडेपर्यंत उघडू नये, अशी माझी विनंती आहे.